सहा चौकटी आणि मिठाचा बर्फ

मला स्वस्थ बसता येत नाही. हा आजारपणाचा परिणाम नाही, उपजतच आहे. जेवतानासुद्धा मी दोनदा उठते. हे लिहायला बसल्यापासून एकदा दूध उतू जातंय का बघून आले, एकदा दारात कोण आलं ते बघून आले. शेवटी मुलीने माझी खुर्ची भिंतीला टेकवली आणि पुढे टेबल ओढलं, म्हणजे मला सहजासहजी बाहेर पडता येऊ नये. अशा बाईला हॉस्पिटलात पाच दिवस सलाईन लावून आडवं पाडलं, तर तिचं आणि आजूबाजूच्यांचं काय होत असेल?

ज्यांच्या घरात इन्सुलिनची बाटली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी चूक मूर्खपणाची होती असं कोणी म्हटलं तर मला अजून राग येतो. मला एक काम फार चांगलं येतं, म्हणून ती चूक माझ्या हातून झाली.

फ्रिज बंद पडला

मी मिरकरवाडा बंदरात मासळीचा धंदा करते. होड्या लागल्या की लिलावात माल घ्यायचा, निवडायचा, बर्फात भरायचा आणि गाडीला लावायचा. पापलेट, सुरमई असा महागाचा माल लांब जायचा असला, की मी बर्फाच्या चुऱ्यात जाडं मीठ मिसळते. त्याने गारवा कडक होतो. सासूबाईंनी शिकवलेली युक्ती आहे. माझी पेटी घाट चढून कोल्हापुरात उघडली तरी माशाचा डोळा चकचकीत असतो. व्यापारी उगाच माझं नाव घेत नाहीत.

चार वर्षांपासून मला इन्सुलिन आहे, सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमचा फ्रिज बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, उद्या येतो. त्याचा उद्या नऊ दिवस चालला. औषधाच्या दुकानात सुरुवातीलाच बजावलं होतं, बाटली थंड ठेवा. थंड कसं ठेवायचं, हे मला कोण शिकवणार? मी थर्माकोलची छोटी पेटी घेतली, बर्फ फोडला, मीठ मारलं आणि चालू बाटली आणि नवीन बाटली अशा दोन्ही पिशवीत गुंडाळून आत पुरल्या. सकाळी चालू बाटली काढली की औषध गोठलेलं असायचं. मग बाटली पोलक्यात ठेवायची. चहा होईपर्यंत पातळ. मासा गोठला तरी पाण्यात टाकला की मासाच राहतो, तसंच औषधाचं, असा माझा हिशेब.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मला एखादी गोष्ट जमली की ती चार जणांना सांगितल्याशिवाय माझा दिवस जात नाही. जेटीवर ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. आणि सगळ्यात आधी सांगितलं धाकट्या भावाला. प्रकाश ट्रॉलरवर तांडेल आहे, म्हणजे होडी त्याच्या हुकमावर चालते. साखर आमच्या घरात वारशाने आलीय, त्यालाही इन्सुलिन आहे. वर दोन वर्षांपूर्वी हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली. तो दहा दिवसांच्या फेरीला निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "परकाश, बाटली खाली बर्फाच्या खणात ठेव. वरनं मीठ मार."

"हां ताय," तो म्हणाला आणि होडीवर चढला.

आवाज

पाच-सहा दिवसांत मला तहान लागायला लागली. साधी तहान नव्हे. तांब्या तोंडाला लावला की तो रिकामा झाल्यावरच खाली यायचा आणि पुन्हा जीभ टाळ्याला चिकटायची. मग उलट्या, मग पोटात कळ. उष्णता झाली असेल म्हणून मी जिऱ्याचं पाणी प्यायले. घरच्या मशीनवर साखर तपासली तर आकडा असा, की मशीनच बिघडलं असं मी ठरवलं. तरी मनाने चार युनिट जास्त घेतले. हे लक्षात ठेवा. मी औषध चुकवलं नाही, उलट जास्त घेतलं.

त्या दिवशी सकाळी लिलावात बोली लावायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. नुसता श्वास. लांबून पळत आल्यासारखी मी जागच्या जागी धापा टाकत होते. लिलाववाल्याने माल दुसऱ्याला दिला. मला त्याचा राग आला, त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून एक पाऊल टाकलं आणि तिथेच क्रेटवर बसले.

आमचे हे जेटीवरच जाळी दुरुस्त करतात. ते धावत आले. दिवसातून दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण रिक्षात सारखं माझं नाव घेत होते. मला वाटत होतं, सांगावं यांना, गप बसा, काही झालं नाहीये. पण तेवढा श्वास उरला नव्हता.

पहिल्या चौकटी

हॉस्पिटलातली डॉक्टर सोलापूरकडची, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने माझ्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. मासळीवाल्या बाईच्या तोंडाजवळ कोणी आपणहून नाक आणत नाही, म्हणून एवढं माझ्या ध्यानात राहिलं. "पिकल्या फळासारखा वास येतोय," ती सिस्टरला म्हणाली. मग ती यांच्याशी बोलली. साखर फार वाढली, रक्तात आम्ल तयार झालं, तातडीने आयसीयूत घ्यावं लागेल. पुढचं मला तुटक आठवतं. हातात सुया, नाकात नळी, कोणीतरी माझ्या बांगड्या उतरवून यांच्या हातात दिल्या.

शुद्धीवर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. हे खाटेशी उभे होते, माझ्या बांगड्या शर्टाच्या खिशात तशाच. यांना खोटं बोलता येत नाही. प्रश्न विचारला की हे भलतीकडेच बघायला लागतात.

"डॉक्टर काय बोलली?" मी विचारलं.

"काय नाय गो. पडून ऱ्हा."

"कागदावर काय लिवत व्हती?"

"चौकटी हायत."

"किती?"

"सा."

"भरल्या किती?"

हे सलाईनच्या बाटलीकडे बघायला लागले. मग मला कळलं.

तो कागद असा होता. माझ्यासारखा पेशंट आला की डॉक्टर सहा गोष्टी बघते आणि प्रत्येकीपुढे एक चौकट. जी गोष्ट वाईट निघेल तिच्या चौकटीत बरोबरची खूण करायची. खुणा जितक्या जास्त, तितका जिवाला धोका जास्त. तीन चौकटी आल्या आल्या भरायच्या, दोन बारा तासांनी, शेवटची चोवीस तासांनी. पहिल्या तिनात माझ्या दोन खुणा होत्या, एक रक्तातल्या आम्लाची आणि एक माझ्या ग्लानीची. तिसरी आधीच्या मोठ्या दुखण्याची, ती तेवढी कोरी.

मी जन्मभर अंदाजावर पोट भरलं आहे. पेटी नुसती उचलली की वजन सांगते, डोळा बघितला की मासा किती दिवसांचा ते सांगते. आज कोणीतरी माझा डोळा बघून माझा अंदाज बांधला होता आणि तो मलाच सांगत नव्हतं. मला ते सहन होईना. रात्रीच्या जेवणाच्या गाड्या फिरायला लागल्या तेव्हा बारा तास भरले. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली आणि कागदावर वाकली. तिचा हात दोनदा हलला.

"दोनी भरल्या?" मी विचारलं.

ती दचकली. "मावशी, बोलू नका हो जास्त. दम लागतो तुम्हाला."

"चार झाल्या ना?"

"हे कागद आमच्यासाठी असतात. कुणाकडं जास्त वेळा येऊन बघायचं, ते कळावं म्हणून."

"म्हंजे जीव माजा नि कागद तुमचा?"

सिस्टर हसली. डॉक्टर नाही हसली. ती स्टूल ओढून बसली आणि तिने सरळ सांगितलं. हो, चार. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन देऊनही साखर हवी तशी उतरत नव्हती. आता एकच चौकट राहिली होती, उद्या सकाळची. ताप आला तर तीही भरणार. "चार म्हणजे काळजी करण्यासारखं आहे, मी खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "पण मावशी, कागदाला तुम्ही माहीत नाही."

मला तिचा तेव्हा राग आला. आज वाटतं, माझ्याशी सरळ बोलणारी त्या दिवसांत ती एकटीच होती.

ताप

मी घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा. समुद्रात माणसं गेलेली बघितलीत, घरातली मयतं केलीत, पण तो दुसऱ्यांचा मृत्यू होता आणि मला तेव्हा काम असायचं. इथे काही काम नव्हतं. नुसतं पडून आपलं कपाळ गरम होतंय का याची वाट बघायची. हे दर पाच मिनिटांनी कपाळाला हात लावायचे. यांचे तळवे सुतळी ओढून ओढून खरखरीत झालेत, त्या हाताला ताप काय कळणार? तरी प्रत्येक वेळी मी विचारायचे, "हाय?" आणि हे म्हणायचे, "नाय."

पाणी मोजून मिळत होतं. लांज्याची एक सिस्टर होती, गोल चेहऱ्याची, तिने बर्फाचा नखाएवढा खडा चमच्याने माझ्या जिभेवर ठेवला. ज्या बाईने आयुष्यभर फावड्याने बर्फ ओढला ती एका खड्यासाठी डोळ्यांत पाणी आणून बघत होती. सिस्टरने ते पाहिलं आणि दुसरा दिला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

सकाळी थर्मामीटर लावला. ती दोन मिनिटं मी मनात माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं म्हटली. डॉक्टरने थर्मामीटर उजेडाकडे धरला आणि शेवटच्या चौकटीत शून्य काढलं, मला दिसेल असं. हे "आलोच" म्हणून बाहेर गेले. परत आले तेव्हा तोंड ओलं होतं. म्हणाले, उकडत होतं म्हणून धुतलं.

कारण

मला वाटलं, सुटले. पण चौकटींच्या खाली एक ओळ होती, "कारण". डॉक्टरने तिथे लिहिलं होतं, इन्सुलिन घेणं बंद केलं.

"मी बंद नाय केलं," मी म्हटलं.

"मावशी, कुणी रागावणार नाही. बरेच जण कंटाळतात."

"मी घेत व्हते. चार युनिट जास्तच घेतलं."

तिने मान हलवली. आईने लहान मुलाचं ऐकावं तशी. तेवढ्यात माझी मुलगी नेहा आली. ती जयगडला बंदराच्या एका ऑफिसात कामाला आहे, आदल्या दिवशी कळल्यावर रजेसाठी भांडून आली होती. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल. ती खाटेवर बसली, माझा हात धरून रडली आणि म्हणाली, "आई, खरं सांग. चुकवलंस ना तू? तुला डॉक्टरचं ऐकायचा कंटाळाच आहे."

मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीतून बाहेर बघत होते.

सुया टोचल्या त्याचं मला काही वाटलं नाही, पण हे फार लागलं. ज्या घराला मी हाताने धरून ठेवलं त्या घरात माझ्या शब्दावर कोणाचा विश्वास नव्हता. आणि रागाच्या खाली एक भीतीही होती. औषध घेऊनही मी इथवर आले असेन, तर घरी जाऊन तेच औषध घेऊन पुन्हा इथेच येणार. त्या वेळी चौकटी किती भरतील?

"घरात पेटी हाय," मी नेहाला म्हटलं. "घेऊन ये. बाटली किती संपली ती मोजा नि मग मला खोटी पाडा."

नेहाने अख्खी पेटीच आणली. लांज्याच्या सिस्टरने झाकण काढलं. बर्फ बराचसा विरघळला होता, पण बाटली अजून गार होती. मी अभिमानाने सांगायला लागले, बर्फ किती बारीक फोडायचा, मीठ किती, पिशवीला गाठ कशी. सिस्टरने बाटली हातात फिरवली आणि खिडकीकडे धरली. आत दुधासारखं औषध असतं, त्यात पांढरे कण तरंगत होते आणि काचेला आतून पापुद्रा धरला होता.

"मावशी, हे गोठत होतं?"

"रोज. मी पोलक्यात ठेवून पातळ करायची."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "थंड ठेवायचं असतं मावशी, गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की त्यातला दम गेला. तुम्ही पाणीच टोचून घेत होतात."

नेहाने तोंडावर हात ठेवला. मग माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. डॉक्टरकडे वळून "बघा" म्हणायला हवं होतं. पण मी खरी ठरले याचा आनंद मला एक क्षणसुद्धा मिळाला नाही, कारण माझ्या तोंडून शब्द निघाला, "परकाश."

त्याला समुद्रात जाऊन पाच दिवस झाले होते.

समोर नसलेला पेशंट

मी उठले. हातातली सुई निघाली, रक्त आलं, सिस्टर धावली. मोबाईल लावला तर लागणार नाही हे मला माहीत होतं, तरी नेहाला दहा वेळा लावायला लावला. डॉक्टर आली. मी तिला विचारलं, "माज्या भावाच्या किती चौकटी भरतील?"

"मावशी..."

"एक भरलेलीच हाय. काळजाचं दुखणं हाय त्याला. तिसरी चौकट, नाय का?"

"जो पेशंट माझ्यासमोर नाही त्याची चौकट मला भरता येत नाही," ती म्हणाली. "त्याला आधी समोर आणा."

मला ती बोलली ते पटलं. प्रकाशच्या होडीवर वायरलेस आहे, पण होडीच्या मालकाकडून निरोप जायला हवा. मालकाने फोनवर सांगितलं, तांडेल ठणठणीत असणार, काही असतं तर कळवलं असतं. सध्या बांगडा लागतोय, फेरी अर्धी टाकून होडी कशी फिरवायची? मी फोनवर बोलायला गेले आणि पुन्हा धाप लागली. नेहाने फोन काढून घेतला.

मग आमचे हे उठले. चपला घातल्या आणि निघून गेले. तिथे काय झालं ते मला नंतर जेटीवरच्या बायकांनी सांगितलं. मालकाच्या ओट्यावर उभं राहून हे एवढ्या मोठ्याने ओरडले की बर्फाच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली. "माज्या बायकोच्या चार चौकटी भरल्या, परकाशच्या मोजायला तरी माणूस गावंल काय?" कोणाला काही कळलं नाही, पण यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकल्यामुळे सगळे हादरले. मालकाने वायरलेसवर निरोप दिला.

तिथून होडी यायला दीड दिवस. त्या दीड दिवसात माझी साखर उतरत होती, आम्ल उतरत होतं, डॉक्टर खुश होती आणि मी खाटेवर तडफडत होते. त्याला तहान लागली असेल का? दर्यात मोजून पाणी. उलटी झाली तर खलाशांना वाटेल, पोट बिघडलं. मी जेवले नाही. वॉर्डातल्या घड्याळाचा मिनिटकाटा एका जागी अडकतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो, हे मी शोधून काढलं. नेहा म्हणाली, "आई, दोन मिनिटं डोळे मिट." मी तिच्यावर खेकसले. नंतर माफी मागितली. नंतर पुन्हा खेकसले.

हां ताय

प्रकाश आला तो स्वतःच्या पायांनी. अंगाला डिझेलचा वास, डोळे लाल, कपाळावर आठी. "काय चाललंय काय तुजं? बांगडा तोंडाशी आला व्हता नि भावजींनी अख्ख्या बंदरात तमाशा केलान! खलाशी माज्या नावानं शिव्या घालतायत."

मी सिस्टरला खूण केली. तिने त्याच्या बोटाला सुई टोचली. मी मशीनकडे बघत होते, मशीन काही लवकर बोलेना. आकडा आला, एकशे ऐंशी. सिस्टर म्हणाली, ठीक आहे की.

"परत बघ," मी म्हटलं. तिने परत बघितलं. तेवढाच.

"बाटली कुठं ठेवलीस रे?"

"केबिनीत. माठाला ओला फडका असतो, त्यात गुंडाळून."

"बर्फाच्या खणात नाय ठेवलीस?"

"रोज सकाळी खणात उतरून कोण बर्फ उपसणार?"

"मग मला हां का म्हनालास?"

तो डॉक्टरकडे बघून ओशाळला. मग म्हणाला, "तुला हां म्हनायचं नि आपलं करायचं. सगळेच तसं करतात. भावजींना इचार."

मी यांच्याकडे बघितलं. यांना एकदम सलाईनच्या बाटलीत काहीतरी दिसलं. नेहा हसायला लागली. मीही हसले, मग ते हसू कुठेतरी फिरलं आणि मी प्रकाशच्या डिझेलच्या शर्टात तोंड खुपसून रडले. तो मला थोपटत राहिला आणि एकीकडे म्हणत राहिला, बांगडा गेला, बांगडा गेला. माझं ऐकलं नाही म्हणून माझा भाऊ जिवंत होता. हे मनात कुठे ठेवायचं ते मला अजून समजलेलं नाही.

त्याच दुपारी मी डॉक्टरला "कारण" बदलायला लावलं. तिने आधीचं खोडलं आणि नवीन लिहून मला वाचून दाखवलं. वर म्हणाली, "आता पुढच्या पेशंटला मी आधी विचारणार, ठेवता कुठं."

जेटी

दोन दिवसांनी घरी सोडलं. सरळ घरी जायचं, असं सगळ्यांनी बजावलं. मी "हो" म्हटलं आणि बरोबर नेहा होती तरी रिक्षा जेटीवर घ्यायला लावली.

सकाळचा बाजार संपत आला होता. मी क्रेटवर उभी राहिले. आवाज अजून बसलेला होता, पण लिलावाची सवय आहे, तेवढा पुरला. मी म्हटलं, बायांनो, माझी चूक झाली. इन्सुलिन बर्फात घालू नका. ज्यांनी बाटली ठेवली असेल त्यांनी आत्ता काढा, टाकून द्या, नवीन घ्या. काही जणी हसल्या. एक म्हणाली, तुझं कोण ऐकतंय, आम्ही कुठे ठेवलीय. मी रागावले नाही. उलट मला बरं वाटलं. वाटलं, कोणीच ऐकलं नाही, देव पावला.

मग पार्वतीकाकूने तिच्या पेटीचं झाकण काढलं. काकू माझ्या शेजारी बसते, सत्तरीची आहे, धंद्यात मला बसायला पहिली जागा तिने दिली. तिने कोपरापर्यंत हात घालून सुरमई बाजूला सारली, बर्फ उकरला आणि पिशवीची गाठ बाहेर काढली. गाठ मी शिकवली तशीच होती.

"कधीपासून, काकू?"

"तू सांगितलंस तवापासून. झाले सा-सात दीस." तांब्या उचलून ती पाणी प्यायली. मग पुन्हा प्यायली. "उष्मा किती वाढलाय गो. तहान जाईच ना."

मी तिच्या तोंडाजवळ वाकले. वास मासळीचाच होता, तरी मी थांबले नाही. तिला उठवलं, पेटी नेहाच्या हातात दिली आणि तिला रिक्षात घातलं. काकू वाटेत सारखी म्हणत होती, माल कोण बघेल.

हॉस्पिटलात मला बघून डॉक्टर आधी चिडली, मग काकूकडे बघून चिडायची थांबली. साखर बरीच चढलेली होती. रक्त तपासलं, आम्ल अजून तयार झालं नव्हतं. तिने कागद काढला आणि पहिल्या तीन चौकटी एकेक करून बघितल्या. तिन्हींत शून्य काढलं. मग तिने काकूला विचारलं, "आजी, औषध कुठं ठेवत होता?"

"बर्फात, मीठ मारून," काकू म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं सांगितलं. माजी पोर हाय ती, ती कदी वायट नाय सांगायची."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं नाही, लिहीत राहिली. मी काकूचा गार हात दोन्ही हातांत धरून उभी होते.